कॅनोपी तडकली म्हणून जाड शीट मागण्याआधी

(किट विमान, मायक्रोलाइट आणि ग्लायडर असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

तडकलेली कॅनोपी (वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण) घेऊन येणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं : “या वेळी जरा जाड शीट टाका.” जाड शीट आम्ही आनंदाने विकू, तिचे पैसेही जास्त होतात. पण त्याआधी तुमची जुनी कॅनोपी उजेडासमोर धरून तडा कुठून सुरू झालाय ते बघा. पक्षी धडकला असेल किंवा वरून पाना पडला असेल तर तो मधोमध सापडेल. एरवी तो कडेच्या एखाद्या स्क्रूच्या भोकातून निघून आत सरकलेला दिसतो. शीट जाड केल्याने ते भोक बदलत नाही आणि स्क्रू आवळणारा हातही बदलत नाही. शिवाय सपाट शीट थंडच वाकवून फ्रेमवर बसवायची असेल, तर त्याच गोलाईला जाड शीटच्या पृष्ठभागावर ताण जास्त येतो. म्हणजे पैसे मोजून तडा लवकर आणायचा.

भोकाचं गणित एकदा समजून घ्या, कारण आमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. कॅनोपीची शीट ॲक्रिलिक या पारदर्शक प्लॅस्टिकची असते, आणि ॲक्रिलिक उष्णतेने ॲल्युमिनियमच्या तिपटीने प्रसरण पावतं. हिवाळ्यात पहाटे हँगरमध्ये १० अंश असतात आणि त्याच दिवशी दुपारी उन्हात उभ्या विमानाची बंद कॅनोपी सहज ५० अंशांवर जाते. या ४० अंशांच्या फरकात १ मीटर ॲक्रिलिक सुमारे २.८ मिलिमीटर वाढतं, तर त्याखालची ॲल्युमिनियमची पट्टी जेमतेम ०.९ मिलिमीटर. मधला स्क्रू पक्का धरला तरी दोन्ही टोकांना जवळजवळ १ मिलिमीटरचा फरक उरतो. ४ मिलिमीटरच्या स्क्रूला ४ मिलिमीटरचंच भोक पाडलं असेल, तर तो फरक जाणार कुठे? भोकाच्या काठावर ताण होऊन बसतो, आणि एखाद्या दिवशी हवेत, धक्क्यांच्या जोडीने, सुटतो. म्हणून टोकांची भोकं आम्ही स्क्रूपेक्षा किमान २ मिलिमीटर मोठी ठेवतो आणि मध्ये नायलॉनची बुश (स्क्रूभोवतीची नळी) आणि वर रबरी वॉशर देतो. “भोकं सैल पाडलीत” अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांनी कृपया वरचं गणित पुन्हा वाचावं.

स्क्रू हाताने टेकेपर्यंत फिरवायचा आणि थोडा मागे घ्यायचा. सुटू नये म्हणून नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) वापरा. स्क्रू घट्ट राहावा म्हणून थ्रेडवर लावतात ते पातळ लॉकिंग द्रव्य कॅनोपीजवळ आणूच नका. ते ॲक्रिलिकला लागलं की ताण असलेल्या जागी बारीक भेगांचं जाळं उठतं, आणि कॅनोपी आमच्याकडे “शीटच खराब होती” या शेऱ्यासह परत येते. ड्रिल बिटचंही तसंच. लोखंडाला वापरायचं साधं बिट ॲक्रिलिकमध्ये घुसतं आणि पलीकडे बाहेर पडताना कपची उडवतं. आमच्या बिटांचं टोक जास्त निमुळतं घासलेलं असतं. ते कापत नाही, खरवडत जातं. स्वतःच भोकं पाडणार असाल तर बिटं आमच्याकडून न्या, शीटच्या किमतीपुढे ती काहीच नाहीत. आणि थंडीच्या सकाळी हे काम करू नका.

काही जण ॲक्रिलिकऐवजी पॉलिकार्बोनेट हे दुसरं प्लॅस्टिक मागतात. ते सहजी फुटत नाही, हे खरं. पण ओरखडे लवकर घेतं आणि पेट्रोलचे थेंब त्याला मानवत नाहीत. ज्या विमानांचं इंधन डोक्यावरच्या पंखातून भरतात, त्यांच्या दारांवर हे थेंब पडतातच. ठरवायचं तुम्ही, आम्ही दोन्ही देतो.

कापणं आणि भोकं झाली की आम्ही शीट ८० अंशांच्या आसपास भट्टीत ठेवतो आणि सावकाश थंड होऊ देतो. हत्यारामुळे आत राहिलेला ताण त्याने निघतो. “अर्ध्या दिवसाचं काम दोन दिवस का लावता?” याचं उत्तर हेच.

तडकण्यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे कॅनोपी हवेत उघडणं, आणि त्यात शीटचा दोष सहसा नसतोच. लॅचचा हँडल बंद दिसतो, ‘खट’ असा आवाजही येतो, पण पिन खोबणीत पूर्ण गेलेली नसते. जमिनीवर फरक जाणवत नाही. वेग वाढला की कॅनोपीवरून वाहणारी हवा तिला वर ओढते. नेदरलँड्सच्या एका महिला वैमानिकाच्या एक्स्ट्रा ३३०एलएक्स विमानाची कॅनोपी कसरतींच्या सरावात उघडून फुटली. त्याचा व्हिडिओ २०२४ मध्ये जगभर पाहिला गेला. पिन लॉक झालीच नव्हती आणि डोळ्यांवर चष्मा नव्हता, असं तिने स्वतःच सांगितलं. विमान मात्र तिने सुखरूप उतरवलं. ते विमान किटचं नव्हतं, कारखान्यात बनलेलं होतं, हेही लक्षात घ्या.

म्हणून टेक-ऑफच्या आधी प्रत्येक लॅचजवळ तळवा लावून कॅनोपी वर ढकला आणि पिन डोळ्यांनी बघा. ग्लायडरवाल्यांना ही सवय असते. काहींनी ‘कॅनोपी उघडी’ असा लाल दिवा बसवलाय. चांगलं आहे, पण त्याचा स्विच हँडलवर असेल तर दिवा फक्त हँडलची खबर देतो. तो पिनवर हवा. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक कॅनोपीच्या पिनवर आम्ही रंगाची खूण विनामूल्य करून देतो : खुणेचा लाल रंग दिसला तर पिन आत गेलेली नाही.

तरीही उघडलीच, तर बंद करायच्या नादाला लागू नका. यातले जीवघेणे अपघात बऱ्याचदा कॅनोपीने होत नाहीत. एक हात कॅनोपीवर, नजर मागे, आणि तेवढ्यात वेग पडून विमान स्टॉल होतं, म्हणजे पंख त्याला पेलून धरू शकत नाहीत. चाकं जमिनीवर असतील आणि धावपट्टी पुरेशी उरली असेल तर टेक-ऑफ सोडून द्या. हवेत असाल तर आधी नाक आणि वेग सांभाळा. हवेचा अवरोध वाढलेला असतो, म्हणून नेहमीपेक्षा जास्त पॉवर लागेल. पुढे बिजागरी असलेली कॅनोपी बहुधा थोडी वर येऊन तरंगत राहते, मात्र काही विमानांचं नाक त्याने खाली जाऊ लागतं. बाजूला बिजागरी असेल तर ती उखडून शेपटीवर आदळू शकते. तुमच्या विमानाबद्दल उत्पादकाने काय लिहिलंय ते घरी बसून वाचून ठेवा; वर गेल्यावर रेडिओसुद्धा नीट ऐकू येत नाही. साधा गॉगल डोळ्यांवर असू द्या. सैल टोपी, नकाशे, मोबाइल मोकळे ठेवू नका.

सफाईबद्दल थोडक्यात : आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहू द्या, मग मऊ सुती कापड. घरच्या खिडक्यांचा अमोनियावाला स्प्रे, थिनर, पेट्रोल, ॲसिटोन बंद. कव्हर घालण्याआधी त्याची आतली बाजू झटका. आणि उन्हात फुगीर कॅनोपी उघडी टाकून चहाला जाऊ नका. ती भिंगासारखी ऊन एका जागी गोळा करून सीट जाळू शकते.

दुरुस्तीला येताना कॅनोपी फ्रेम आणि लॅचसकट आणा. नुसती शीट मोजून बसवून देण्याचं काम आम्ही बंद केलंय. लॅचपासून निघालेला तडा चिकटवून देणार नाही, कितीही आग्रह केला तरी. इतर ठिकाणच्या छोट्या तड्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवता येतो, मात्र त्याची नोंद तुमच्या इंजिनिअरकडून लॉगबुकात व्हायला हवी. लॅचची जुळवणी नव्या कॅनोपीच्या दरातच धरलेली आहे; जुन्या कॅनोपीसाठी तिचे पैसे वेगळे. पावसाळ्यात उड्डाणं कमी असतात, तेव्हा काम लवकर हातात मिळतं. ऑक्टोबरात सगळे एकदम येतात.