टेकू कशाला म्हणायचं?

जुलै 1860. लंडनजवळ विम्बल्डनच्या माळावर ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा भरली आणि पहिली गोळी झाडली राणी व्हिक्टोरियाने. व्हिटवर्थ रायफल लोखंडी घोडीत आवळून 400 यार्डांवरच्या लक्ष्यावर आधीच रोखलेली होती. राणीने चापाला बांधलेली रेशमी दोरी तेवढी ओढली आणि गोळी मध्यात बसली. स्पर्धकांना मात्र अशी घोडी मिळणार नव्हती.

1874 मध्ये न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर इथे आयर्लंड-अमेरिका सामना झाला. अंतरं 800, 900 आणि 1000 यार्ड. नियम असा, की कसेही बसा वा झोपा, पण कृत्रिम टेकू नको. स्वतःचं शरीर तर कृत्रिम नाही! मग काही नेमबाज लक्ष्याकडे पाय करून चक्क उताणे झोपले आणि नळी पायांवर टेकवली. अमेरिकेच्या हेन्री फुल्टनने अशाच पवित्र्यात 180 पैकी 171 गुण मिळवले. अमेरिका 934-931 अशी जिंकली.

पुढे पालथं झोपून, दंडाला स्लिंग, म्हणजे रायफलला जोडलेला पट्टा, आवळून नेम धरण्याची पद्धत रुळली. स्लिंगमुळे रायफलचा भार स्नायूंऐवजी हाडांवर येतो, पण पट्टा दंडाच्या धमनीवर आला की प्रत्येक ठोक्याला नेम उडतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनचं, म्हणजे पालथं झोपून नेमबाजीचं, जागतिक सुवर्ण जिंकलं, ते याच पवित्र्यात. म्हणून स्लिंगला टेकू म्हणणं मला पटत नाही. तो माणसाला माणसाच्याच हाडांशी बांधतो.

खरा टेकू नियमात आला तो कॅनडाच्या जॉर्ज फार्कहारसन यांच्यामुळे. वय झालं, नजर मंदावली, कोपर धरेनासं झालं, तरी नेमबाजी सुटू नये म्हणून त्यांनी बायपॉड, म्हणजे नळीखालचा दोन पायांचा टेकू, आणि दुर्बिणीचा आग्रह धरला. टेकूवरच्या या नेमबाजीला एफ-क्लास म्हणतात आणि त्यातला ‘एफ’ त्यांच्याच आडनावाचा. दस्त्याखालची वाळूची पिशवी बोटांनी किंचित दाबली की नेम केसभर सरकतो. गुण भराभर वाढणार हे उघड होतं, म्हणून लक्ष्यावरची मधली वर्तुळं निम्म्या व्यासाची केली गेली.

वाऱ्याला मात्र टेकू नाही. ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा .308 या मापाच्या रायफलची गोळी 1000 यार्डांवर सुमारे दोन मीटर ढकलतो, मग रायफल स्लिंगवर असो वा बायपॉडवर.