फटाक्यांची परिभाषा

फटाक्यांची परिभाषा : शोभेच्या दारूकामातील वस्तू, त्यांचे भाग आणि त्यांच्या जळण्याच्या तऱ्हा यांसाठी मराठीत रुळलेली शब्दावली. ‘फटाका’ हा शब्द ‘फट्’ या आवाजावरून आला. बोलताना सगळ्याच मालाला फटाके म्हटले जाते. काटेकोर अर्थाने मात्र जो वाजतो तोच फटाका. हा भेद नामांत पुसट झाला असला, तरी क्रियापदांत शाबूत आहे. फटाके वाजवतात किंवा फोडतात, बाण सोडतात, फुलबाजी लावतात आणि आपटबार आपटतात. ‘फुलबाजी फोडली’ असे कोणी म्हणत नाही; ‘बाण वाजवला’ हेही कानाला खटकते. ‘उडवणे’ तेवढे बहुतेकांना चालते. क्रियापद कळले की वस्तूचे काम कळते, म्हणून या नोंदीतही वस्तू त्यांच्या कामाप्रमाणे घेतल्या आहेत.

सगळ्याच्या मुळाशी दारू. फार्सीत ‘दारू’ म्हणजे औषध. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. बंदुकीच्या दारूला चिनी भाषेत जो शब्द आहे, त्याचाही शब्दशः अर्थ ‘आगीचे औषध’ असाच होतो. जुनी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. त्याचे रूढ प्रमाण ७५ : १५ : १०. सोरा प्राणवायू पुरवतो, बाकीची दोन जळतात. ही दारू कागदावर मोकळी पसरून पेटवली, तर भुरकन जळून जाते, आवाज होत नाही. आवाजासाठी ती ठासावी लागते. ठासून भरलेली दारू म्हणजे ‘बार’, आणि तिचा जो धडाका होतो तोही ‘बार’च. वेष्टन घट्ट असेल तर वायूचा दाब साचतो आणि ते एकदम फुटते. वेष्टन सैल असेल किंवा दारू सादळलेली असेल तर नुसते ‘फुस्स’ होते. तो ‘फुसका बार’. राजकीय बातम्यांत हा शब्द दिवाळीपेक्षा जास्त वेळा येत असावा. लग्नाचा बार मात्र अजून ‘उडवतात’.

बारापर्यंत आग नेते ती ‘वात’. दारू माखलेल्या दोऱ्याची किंवा कागदात वळलेली ही वात किती वेळ जळते, यावर पेटवणाऱ्याचे पळणे अवलंबून असते. वात जळून गेली आणि बार झाला नाही, तर तो फटाका विझला असे समजू नये. आत ठिणगी धुमसत असू शकते. वाकून पाहायला गेलेल्यांना होणाऱ्या इजा बहुतेक याच गैरसमजातून होतात.

वाजणाऱ्या मालाची नावे आकारावरून पडली आहेत. लवंगेएवढी ती ‘लवंगी’, काडतुसासारखा तो ‘तोटा’. लक्ष्मी तोट्याला नाव मिळाले ते वेष्टनावरच्या देवीच्या चित्रावरून. पूजेनंतर त्याच चित्राच्या चिंध्या अंगणात पडतात, म्हणून या वेष्टनावर अनेकदा आक्षेपही घेतले गेले. ‘सुतळी बॉम्ब’ हे नाव त्याच्या बांधणीचे वर्णन आहे. कागदी डबीभोवती तागाची सुतळी गच्च गुंडाळलेली असते. ती सजावट नव्हे, तेच ठासण्याचे साधन आहे. अशा मोठ्या आवाजाच्या फटाक्यांत काळ्या दारूऐवजी अ‍ॅल्युमिनियमची भुकटी असलेले, फार झपाट्याने जळणारे मिश्रण वापरतात. अनेक फटाके एका वातीवर ओवले की ‘माळ’ होते, आणि ती संख्येने ओळखली जाते : शंभरची, हजारची, पाच हजारांची. हिंदीतून आलेला ‘लड’ हा शब्दही चालतो. वात नसलेले दोन प्रकार म्हणजे टिकली आणि आपटबार. टिकली पिस्तुलाच्या घोड्याखाली फुटते, आणि पिस्तूल नसेल तर दगडाने ठेचली जाते.

उजेडाच्या मालाची शब्दावली अधिक देखणी आहे. फुलबाजी म्हणजे तारेवर थापलेला मसाला. तिच्यातून झडणारी सोनेरी ‘फुले’ म्हणजे लोखंडाच्या किसाचे तापून जळणारे कण. पोलादाच्या कणात कार्बन असल्याने ठिणगी टोकाशी फुटून तिला फाटे येतात. मुलांच्या हातात सर्वांत निर्धास्तपणे दिली जाणारी ही वस्तू १,००० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानाला जळते. विझलेली तारही बराच वेळ भाजते, म्हणून ती पाण्याच्या बादलीत टाकायची. ‘चंद्रज्योत’ ठिणग्यांशिवाय रंगीत उजेड देते. तिचे जुने नाव ‘महताब’. फार्सीत त्याचा अर्थ चांदणे. म्हणजे एकाच कल्पनेची दोन भाषांतली दोन नावे मराठीत शेजारी नांदली.

‘भुईनळा’ हिंदीत अनार, म्हणजे डाळिंब, आणि गुजरातीत कोठी. मूळ नळा कुंभाराकडचा, मातीचा. आता बहुधा कागदी शंकू असतो. त्याचे तोंड मुद्दाम अरुंद ठेवतात, त्यामुळे कारंज्याला उंची येते. तोंड तुंबले किंवा आतल्या मसाल्याला तडा गेला, तर कारंजे न उडता नळाच ‘फुटतो’. इथे क्रियापद बदलले म्हणजे काहीतरी बिघडले. ‘भुईचक्र’ म्हणजे वेटोळे केलेली दारूची नळी. वायू कडेने बाहेर पडतो आणि चक्र उलट दिशेला गरगरते.

रंग ठरवतात ते धातूंचे क्षार : स्ट्रॉन्शियम तांबडा, बेरियम हिरवा, सोडियम पिवळा, कॅल्शियम नारिंगी, तांबे निळा. पांढरा झगझगाट मॅग्नेशियम वा अ‍ॅल्युमिनियमचा. निळा सर्वांत अवघड, कारण त्याला रंग देणारी तांब्याची संयुगे फार उष्णतेत तुटतात. एखाद्या आतषबाजीत खरा गडद निळा दिसला, तर कारागीर जाणता आहे असे खुशाल समजावे.

आकाशातल्या मालात ‘बाण’ हा शब्द सर्वांत जुन्या वळणाचा. अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांत बाण म्हणजे लढाईतले अग्निबाण. दिवाळीचा बाण त्यांचाच निरुपद्रवी वंशज. त्याची लांब काडी तोल सांभाळते. ती मोडली तर बाण कुणाच्या गॅलरीत जाईल हे सांगता येत नाही. ‘शॉट’ची गोष्ट वेगळी : बाण स्वतःची दारू जाळत चढतो, शॉटचा गोळा मात्र नळीतून तोफेसारखा फेकला जातो आणि वर गेल्यावर आतली दुसरी दारू त्याला फोडते. त्यातून विखुरणाऱ्या मसाल्याच्या गोळ्यांना कारखान्यात ‘तारे’ म्हणतात.

‘नागगोळी’ वाजत नाही, उजळत नाही, उडतही नाही. राखेचा काळा साप तेवढा काढते. पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशन आणि पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१६ मध्ये सहा प्रकारांच्या धुराची मोजणी केली, तेव्हा सूक्ष्म कणांचे सर्वाधिक प्रमाण या गरीब दिसणाऱ्या गोळीत आढळले.

जुन्या मराठी साहित्यात दारूकामाचे उल्लेख आहेत. एकनाथांच्या ‘रुक्मिणी स्वयंवरा’त (१५७१) लग्नातील आतषबाजीचे वर्णन येते, पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी भारतातील आतषबाजीच्या इतिहासावर लिहिताना ते पुढे आणले. पेशव्यांच्या बखरीत ‘दारूची लंका’ आहे. राजस्थानातील कोटा संस्थानाचा राजा दिवाळीत रावण, राक्षस आणि वानरसेना दारूकामाने उभारतो आणि हनुमानाच्या शेपटीला आग लावून लंका जाळतो, असे महादजी शिंदे यांनी सवाई माधवरावांना सांगितले. मग तसाच खेळ पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी झाला.

कायद्याची भाषा या सगळ्याहून रुक्ष आहे. २००८ च्या स्फोटके नियमांत शोभेची दारू ‘वर्ग ७’ मध्ये मोडते आणि परवान्यांचे काम पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. आवाजाची मर्यादा फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर मोजतात; सुट्या फटाक्याला ती १४५ डेसिबल (‘सी’ मापनपट्टीवर, आवाजाच्या शिखराला) आहे. माळेतील फटाक्यांची संख्या वाढेल तशी ही मर्यादा खाली येते : शंभरच्या माळेला १० डेसिबलने, हजाराच्या माळेला १५ ने. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशात जोडलेल्या माळांवर बंदी घातली, दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ ठरवली आणि ‘हरित फटाके’ हा शब्द घरोघरी पोहोचला. हरित म्हणजे हिरव्या रंगाचा नव्हे, धूरविरहितही नव्हे. कणांचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी, इतकाच त्याचा दावा आहे. नागपूरच्याच ‘नीरी’ या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या पुढाकाराने त्याचे तीन प्रकार तयार झाले : जळताना पाण्याची वाफ सोडणारा ‘स्वास’, सोरा व गंधक टाळणारा ‘स्टार’ आणि अ‍ॅल्युमिनियम कमीत कमी वापरणारा ‘सफल’. ही नावे खोक्यावर दिसतात. दुकानात मागताना मात्र गिऱ्हाईक अजून भुईनळे आणि लवंगीच मागते.