शरीर, मन, आत्मा : आरोग्याच्या व्याख्येतून राहून गेलेल्या शब्दाची पार्श्वभूमी

सर्वांगीण स्वास्थ्याचा विषय निघाला की ‘शरीर, मन आणि आत्मा’ ही त्रयी आपसूक तोंडी येते. हे तीन शब्द पहिल्यापासून एकत्रच नांदत आले असावेत, असे वाटावे इतकी ती सवयीची झाली आहे. प्रत्यक्षात तिसऱ्या शब्दाला अधिकृत आरोग्यविचारात जागा द्यावी की नाही, यावर १९८४ ते १९९९ अशी पंधरा वर्षे खल चालला. ठराव झाले, मतदान झाले आणि अखेर विषय बाजूला ठेवला गेला. आजच्या बहुतेक गोंधळाचे मूळ त्या पंधरा वर्षांत आहे, म्हणून इथे भर त्यांच्यावरच.

त्याआधीचे थोडक्यात. आयुर्वेदाने ‘स्वस्थ’ माणसाचे लक्षण सांगताना दोष, अग्नी, धातू आणि मलक्रिया सम असण्याबरोबर आत्मा, इंद्रिये आणि मन प्रसन्न असण्याची अट घातली होती. ग्रीक वैद्यांनी शरीरातल्या चार द्रवांच्या तोलात आरोग्य पाहिले. सतराव्या शतकात युरोपीय तत्त्वज्ञानाने शरीर आणि मन ही दोन वेगळी द्रव्ये मानली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूक्ष्मदर्शकाखाली रोगांचे जंतू ओळखले गेले, तेव्हा रोगाला नेमका पत्ता मिळाला. लसी आणि प्रतिजैविकांनी वाचवलेले असंख्य जीव ही त्याच दृष्टीची देणगी आहे आणि ती कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. मात्र रोगाचा पत्ता सापडला तशी रोग्याची विचारपूस मागे पडली.

‘होलिझम’ हा शब्द १९२६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका राजकारणी विचारवंताने ‘संपूर्ण’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडवला. तो आरोग्यासाठी नव्हता. निसर्ग आणि उत्क्रांती यांत अवयवांपेक्षा अवयवी, म्हणजे भागांपेक्षा पूर्ण, मोठा असतो, हे त्याला सांगायचे होते. वैद्यकाने तो शब्द बऱ्याच नंतर उसना घेतला.

खरे वळण आले दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४६ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कमध्ये ६१ देशांच्या प्रतिनिधींनी एका नव्या जागतिक आरोग्यसंघटनेच्या घटनेवर सह्या केल्या आणि ७ एप्रिल १९४८ रोजी ती अमलात आली. तिच्या प्रस्तावनेत आरोग्याची व्याख्या आहे : संपूर्ण शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिती, केवळ रोगाचा किंवा दुर्बलतेचा अभाव नव्हे. युद्धाने होरपळलेल्या जगात हे वाक्य धाडसाचे होते. मन आणि समाज यांना त्याने शरीराच्या पंगतीला बसवले.

ही व्याख्या मराठीत आणताना मात्र पंचाईत होते. रोगाचा नुसता अभाव म्हणजे आरोग्य नव्हे, असे व्याख्या बजावते आणि आपला ‘आरोग्य’ हा शब्दच मुळी ‘अरोग’पासून, म्हणजे रोगाच्या अभावापासून आलेला. ‘स्वास्थ्य’ तिच्या कितीतरी जवळचा आहे. स्वस्थ म्हणजे स्वतःच्या ठायी स्थिर असलेला. ‘प्रकृतिअस्वास्थ्यामुळे’ रजा मागणारा आणि ‘जिवाला स्वास्थ्य नाही’ म्हणणारा, दोघेही एकच शब्द वापरतात. शरीर आणि मन यांची फारकत या शब्दाने कधी केलीच नाही. सरकारी आणि वैद्यकीय मराठीने मात्र ‘आरोग्य’ उचलले आणि तोच रुळला.

१९५९ मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरने ‘उच्च पातळीची वेलनेस’ ही कल्पना मांडली. आजारी नसण्याच्या पुढेही बरेच अंतर चालता येते, असे त्याचे म्हणणे. १९७२ मध्ये दुसऱ्या एका डॉक्टरने त्याची आडवी रेघ काढली. एका टोकाला अकाली मृत्यू, दुसऱ्या टोकाला उच्च पातळीची वेलनेस आणि मध्ये तटस्थ बिंदू, जिथे ना आजार असतो ना भरभरून जगणे. उपचार माणसाला या मधल्या बिंदूपर्यंत आणतो आणि तिथे थांबतो, हे त्या रेघेतून एका नजरेत कळे. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात याच विचारावर पहिले केंद्र उघडले. तिथे रोगावर इलाज होत नसे. माणसाला स्वतःच्या सवयी, ताण, नातेसंबंध आणि जगण्याची दिशा तपासायला शिकवले जाई. पुढच्याच वर्षी सहा अंगांचा एक आराखडा आला : शारीरिक, भावनिक, बौद्धिक, व्यावसायिक, सामाजिक आणि आत्मिक. १९७७ मध्ये एका मनोविकारतज्ज्ञाने वैद्यकासाठी ‘जैव-मनो-सामाजिक’ प्रारूप सुचवले. तिथे पुन्हा तीनच अंगे होती आणि आत्मिक अंग त्यांत नव्हते.

१९७८ च्या सप्टेंबरात आल्मा-आटा (आजचे कझाकस्तानातले अल्माटी) इथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला आणि ‘२००० सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ हे ध्येय घोषवाक्यासारखे जगभर पोचले. सर्वांसाठी आरोग्य म्हणजे नेमके कशाकशाची तजवीज, हा प्रश्न मग टाळता येईना. त्यातूनच आत्मिक अंगाचा मुद्दा संघटनेच्या जिनिव्हातल्या व्यासपीठावर आला आणि १९८४ च्या मे महिन्यात सदस्य देशांच्या सभेने त्यावर ठराव केला.

या ठरावाचे शब्द मुळातून वाचण्यासारखे आहेत. ‘स्पिरिच्युअल’ म्हणजे काय, तर जे भौतिक स्वरूपाचे नाही, जे मानवाच्या मनात आणि सदसद्विवेकात उगवलेल्या कल्पना, श्रद्धा, मूल्ये आणि नीती यांच्या प्रांतातले आहे, विशेषतः माणसाला उन्नत करणाऱ्या कल्पनांचे. यात देवाचा उल्लेख नाही, आत्म्याचा नाही, कोणत्याही पंथाचा नाही. देशांनी आपापल्या सामाजिक आणि सांस्कृतिक घडणीनुसार हे अंग आपल्या आरोग्यधोरणात घ्यावे, असे आवाहन होते. व्याख्येला हात लावलेला नव्हता.

‘स्पिरिच्युअल’चा ‘आध्यात्मिक’ असा अनुवाद झाला की अर्थ सरकतो. अध्यात्म म्हटले की मराठी वाचकापुढे साधना, गुरू आणि मोक्ष उभे राहतात. सरळ ‘आत्मा’ म्हणावे, तर आत्म्याचे अस्तित्व न मानणारे बौद्ध आणि निरीश्वरवादी दारातच अडतात. ठरावाला अभिप्रेत होते ते ‘कशासाठी जगायचे’ याचे भान आणि ते आस्तिकाइतकेच नास्तिकालाही लागते. मला ‘आत्मिक’ त्यातल्या त्यात बरा वाटतो. ‘आत्मीय’, ‘आत्मबळ’ हे शब्द आपण परमार्थाचा विचार मनात न आणता रोज वापरतो. पण सर्वांना पटेल असा शब्द मराठीत आजही नाही.

पुढचा प्रयत्न थेट व्याख्या बदलण्याचा होता. पूर्व भूमध्य प्रदेशातल्या देशांनी त्यात पुढाकार घेतला. संघटनेच्या कार्यकारी मंडळाने १९९८ च्या जानेवारीत दोन शब्दांची भर सुचवली. एक ‘आत्मिक’ आणि दुसरा ‘गतिशील’, म्हणजे आरोग्य ही साचलेली नव्हे तर सतत बदलती अवस्था. बाजूने २२ मते पडली, विरोधात एकही नाही, ८ जण तटस्थ राहिले. इतक्या मतांनी आलेली शिफारस सभेत सहज पार होईल, असे कोणालाही वाटले असते. १९९९ च्या मे महिन्यात ती सभेपुढे आली आणि तिथेच थांबली. आहे ती घटना नीट काम देते आहे, इतर विषय अधिक तातडीचे आहेत, महासंचालकांनी विषयावर लक्ष ठेवावे, असे ठरले. व्याख्या १९४८ मध्ये होती तशीच राहिली.

कार्यपद्धतीच्या बाजूने पाहता हा निर्णय समजण्यासारखा होता. घटनेत बदल करायचा तर सभेची दोन तृतीयांश मते लागतात आणि त्यानंतर दोन तृतीयांश सदस्य देशांनी आपापल्या घटनात्मक प्रक्रियेने तो स्वीकारावा लागतो. शिवाय ‘आत्मिक’ या शब्दाआडून धर्म सरकारी दवाखान्यात शिरेल, ही भीती अनाठायी नव्हती. मोजता न येणाऱ्या गोष्टीचे उत्तरदायित्व सरकारने कसे घ्यायचे, हा प्रश्नही खरा होता. तरीही ती एक चूक होती, असे मला मनापासून वाटते. १९८४ च्या ठरावात कोणत्याही धर्माला न बांधलेला अर्थ तयार होता. तो व्याख्येत आला असता, तर शब्दाला कुंपण पडले असते. कुंपण न पडल्यामुळे तो मोकळा राहिला आणि पुढच्या वीस वर्षांत ‘वेलनेस’च्या बाजाराने त्यावर हवी ती चिठ्ठी चिकटवली. १९७५ च्या केंद्रात तो स्वतःला तपासण्याचा प्रश्न होता, बाजारात त्याची विकत घ्यायची वस्तू झाली.

ज्या जागी शब्द टिकला, त्या जागाही पाहायला हव्यात. १९६० च्या दशकात लंडनमध्ये मरणासन्न रुग्णांची सेवा करणाऱ्या एका डॉक्टरने ‘सकल वेदना’ ही कल्पना मांडली. वेदना शरीराची असते, मनाची असते, नातेसंबंधांची असते आणि ‘माझ्या जगण्याला काय अर्थ होता’ या प्रश्नाचीही असते. ही बाई आधी परिचारिका होती, मग रुग्णालयातली समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर. रुग्णाच्या उशाशी तीन वेगळ्या नात्यांनी बसल्यावर आलेली ती समज होती. पुढे २००२ मध्ये त्याच जागतिक संघटनेने परिहार सेवेची, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरची व्याख्या केली, तेव्हा तिच्यात शारीरिक आणि मनोसामाजिक यांच्या जोडीला आत्मिक हा शब्द निःसंकोच आला. निरोग्याच्या व्याख्येत न मावलेला शब्द मृत्यूच्या दारातल्या माणसासाठी मान्य झाला, याचे मला फार वाईट वाटते. त्याची गरज त्याआधी नसते, असे थोडेच आहे?

मोजता येत नाही, या आक्षेपालाही उत्तर देण्याचा प्रयत्न झाला. जीवनमान मोजणाऱ्या प्रश्नावलीला आठ पैलूंची आणि ३२ प्रश्नांची पुरवणी जोडली गेली. जगण्याचा अर्थ, विस्मय, अखंडतेची जाणीव, आत्मबळ, मनःशांती, आशा, श्रद्धा आणि आपल्याहून मोठ्या कशाशी तरी असलेले नाते, हे ते पैलू. जगभरातल्या १८ केंद्रांत ती तपासली गेली.

याच सुमारास ‘सुख’ हा शब्द राज्यकारभारात आला. हिमालयातल्या एका छोट्या देशाच्या पुढाकाराने २०११ च्या जुलैत संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने सुखाचा समग्र विचार विकासाच्या मोजमापात करावा, असा ठराव केला. २०१२ मध्ये २० मार्च हा आंतरराष्ट्रीय आनंददिन ठरला आणि २०१३ पासून तो पाळला जातो. इथेही ‘सुख’, ‘आनंद’ आणि ‘समाधान’ या तीन वेगळ्या अवस्था एकाच इंग्रजी शब्दात कोंबल्या गेल्या. दुःखाच्या काळातही माणूस समाधानी असू शकतो, पण सुखाच्या तक्त्यात तो खालच्या रांगेत दिसतो.

दरम्यान जुन्या व्याख्येवर दुसऱ्या बाजूनेही हल्ला झाला. ‘संपूर्ण’ सुस्थिती हवी म्हटल्यावर मधुमेहासारखा दीर्घकालीन आजार घेऊन जगणारा प्रत्येक जण कायमचा अनारोग्याच्या खात्यात जातो. २०११ मध्ये नेदरलँड्समधून एक पर्याय पुढे आला : शारीरिक, भावनिक आणि सामाजिक आव्हानांशी जुळवून घेण्याची आणि स्वतःला सांभाळण्याची क्षमता म्हणजे आरोग्य. १९९९ मध्ये अडलेला ‘गतिशील’ हा विचार यात वेगळ्या वाटेने परतला. पाठोपाठ तिथल्याच रुग्णांना, डॉक्टरांना आणि धोरणकर्त्यांना विचारले गेले, की तुमच्या लेखी आरोग्यात काय काय येते? उत्तरांतून सहा अंगे निघाली. त्यांत शरीर आणि मन यांच्याबरोबर आत्मिक अंगही होते. डॉक्टरांनी आरोग्याची कल्पना बरीचशी शरीरापुरती आखली. रुग्णांना सहाही अंगे जवळजवळ सारखीच महत्त्वाची वाटली.