समाजोपयोगी कोडिंग स्पर्धा (शाळकरी मुलामुलींच्या)

शाळेतल्या पोरापोरींनी चार-पाच जणांची टीम करायची, आपल्या गल्लीतला, गावातला नाहीतर शाळेतलाच एखादा खराखुरा प्रॉब्लेम पकडायचा आणि ठरलेल्या मुदतीत त्यावर चालणारं मोबाइल ॲप बनवून परीक्षकांसमोर मांडायचं, असा साधारण या स्पर्धांचा प्रकार. कोडिंगची स्पर्धा म्हटलं की आपल्याकडे आधी ऑलिंपियाड आठवतं, म्हणजे १९८९ पासून भरणारं इंटरनॅशनल ऑलिंपियाड इन इन्फॉर्मॅटिक्स वगैरे, पण तिथे गणित तयार असतं, एकट्याने बसून सोडवायचं आणि उत्तर बरोबर आलं की मार्क. इथे प्रश्नपत्रिकाच कोणी देत नाही. कुठला प्रश्न घ्यायचा ते पोरांनीच ठरवायचं, आणि खरं सांगायचं तर निम्मा निकाल तिथेच लागतो.

या प्रकारातली सगळ्यात नाव असलेली स्पर्धा म्हणजे टेक्नोव्हेशन गर्ल्स, त्यामुळे या नोंदीत जास्त भर तिच्यावरच आहे.

सुरुवात

या स्पर्धा २०१० च्या सुमारासच का उगवल्या याचं कारण सरळ आहे. अँड्रॉइड फोन तेव्हा पसरायला लागले होते, पण त्यावर ॲप बनवायचं तर जावा ही कोडिंगची भाषा यायला हवी, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना जावा शिकवून मग ॲप बनवून घ्यायचं म्हणजे वर्ष गेलंच. ती अडचण ॲप इन्व्हेंटर नावाच्या टूलने सोडवली. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचे प्राध्यापक हॅल एबलसन गूगलमध्ये असताना त्यांच्या पुढाकाराने ते तयार झालं, २०१० मध्ये लोकांसमोर आलं, २०११ च्या शेवटी गूगलने ते बंद केलं आणि मग एमआयटीने ते स्वतःकडे घेऊन २०१२ पासून फुकटात चालवायला सुरुवात केली. आजही ते फुकटच आहे, ब्राउझरमध्ये चालतं.

त्याच २०१० मध्ये कॅलिफोर्नियात टेक्नोव्हेशन सुरू झालं. ते चालवणाऱ्या संस्थेच्या संस्थापक तारा चक्लोव्हस्की या भारतात वाढलेल्या, फिजिक्स आणि मग एरोस्पेस शिकलेल्या. इरिडेसेंट नावाची त्यांची संस्था २००६ पासून मुलांना सायन्स-इंजिनीअरिंग शिकवत होती, पुढे ही स्पर्धाच इतकी मोठी झाली की संस्थेनेही टेक्नोव्हेशन हेच नाव घेतलं. स्पर्धा फक्त मुलींसाठी. लंडनमध्ये ॲप्स फॉर गुड नावाचा शाळांसाठीचा उपक्रमही २०१० चाच. अमेरिकेत २०१५ पासून काँग्रेशनल ॲप चॅलेंज होतं, तिथे लोकप्रतिनिधी आपापल्या मतदारसंघातल्या शाळकरी मुलांमधून विजेते निवडतात. पण त्यात विषयाचं बंधन नाही, गेम बनवला तरी चालतो, त्यामुळे समाजोपयोगी स्पर्धा म्हणून त्याचं नाव जरा सैलपणेच घ्यावं लागतं.

स्पर्धेचं स्वरूप

टेक्नोव्हेशनमध्ये ८ ते १८ वयाच्या मुली भाग घेऊ शकतात, वयाप्रमाणे बिगिनर, ज्युनिअर आणि सीनिअर असे तीन गट, टीममध्ये जास्तीत जास्त पाच जणी. फी नाही. नोंदणी साधारण ऑक्टोबरच्या सुमारास उघडते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर काम सबमिट करायचं असतं, म्हणजे आपल्याकडे नेमकी वार्षिक परीक्षेची वेळ, त्यामुळे भारतातल्या टीम्सची शेवटी हमखास पळापळ होते.

सबमिट काय करायचं तर नुसतं कोड नाही. प्रॉब्लेम काय आणि आम्हीच तो का घेतला हे सांगणारा पिचचा व्हिडिओ, ॲप चालवून दाखवणारा डेमो व्हिडिओ, शिवाय मोठ्या वयाच्या गटांना हे ॲप लोकांपर्यंत कसं पोचवणार, पैसे कुठून येणार याचा प्लॅन. सोबतीला मेंटॉर म्हणजे मार्गदर्शक असतो पण त्याने कोड लिहून द्यायचं नाही, मुलींनीच लिहायचं. आधीच्या फेऱ्या ऑनलाइन होतात, जगभरातले स्वयंसेवक परीक्षक घरबसल्या व्हिडिओ बघून गुण देतात, आणि मग निवडक टीम्स फायनलला. २०१७ ची फायनल गूगलच्या माउंटन व्ह्यूच्या ऑफिसात झाली होती.

पिचच्या व्हिडिओत लगेच कळतं कोण खरंच लोकांना जाऊन भेटलंय आणि कोणी गूगलवरून "प्रदूषण ही एक गंभीर समस्या आहे" उचललंय. ज्यांनी गल्लीतल्या दहा बायकांना विचारलेलं असतं त्यांचं बोलणं पहिल्या अर्ध्या मिनिटात वेगळं वाटतं, मग भले ॲपची बटणं वाकडीतिकडी असोत.

ॲप बनतं कसं

ॲप इन्व्हेंटरमध्ये टाइप फार करावं लागत नाही, रंगीत ब्लॉक एकमेकांत अडकवायचे. या स्पर्धांत वर्षानुवर्षं येणारं ॲप म्हणजे महिला सुरक्षेचं, तेच उदाहरण घेऊ. स्क्रीनवर एक मोठं लाल बटण ठेवायचं. मग तीन न दिसणाऱ्या गोष्टी जोडायच्या: जागा सांगणारा लोकेशन सेन्सर, एसएमएस पाठवणारा टेक्स्टिंगचा भाग आणि घरच्यांचे नंबर साठवायला टायनीडीबी नावाची छोटी डायरी. आता ब्लॉकच्या भाषेत सांगायचं, बटण दाबलं की डायरीतून नंबर काढ, मेसेजमध्ये अक्षांश-रेखांश चिकटव आणि पाठव. फोन जोरात हलवला की तेच व्हावं असं हवं असेल तर ॲक्सेलरोमीटरचा, म्हणजे फोनची हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरचा, "हलला" हा ब्लॉक त्याच कामाला जोडायचा. झालं, एका दुपारचं काम.

आणि मग खरी मजा सुरू होते. घरात बसून टेस्ट केलं तर जीपीएसला जागाच सापडत नाही आणि मेसेजमध्ये शून्य-शून्य जातं, म्हणजे मुलगी नकाशावर आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात. फोन पर्समध्ये हलला तरी आईला मेसेज. बॅलन्स संपला असेल तर मेसेजच नाही. नेमक्या या अडचणींवर डोकं चालवणाऱ्या टीम्स पुढे जातात, बाकीच्या लोगोचा रंग बदलत बसतात. फोनवर टेस्ट करायला कम्पॅनियन नावाचं ॲप टाकून, कॉम्प्युटर आणि फोन शक्यतो एकाच वायफायवर आणायचे असतात, आणि शाळेच्या लॅबमध्ये वायफायचा पासवर्ड मुलांना देत नाहीत, तेव्हा शेवटी कुणा बाईंचा हॉटस्पॉट.

गाजलेली कामं

केनियातल्या किसुमूच्या शाळकरी मुलींची रिस्टोअरर्स ही टीम २०१७ च्या फायनलला पोचली. त्यांचं आय-कट हे ॲप मुलींच्या खतनाविरुद्ध होतं. या मुली ज्या समाजातल्या त्यात ही प्रथा नाही, पण सोबतच्या एका मैत्रिणीवर ती लादली गेली आणि तिची शाळा सुटली, तिथून हा विषय आला. ॲपमध्ये मदत मागणं, सुटकेसाठी जागा शोधणं, तक्रार करणं, माहिती घेणं अशी मोजकी बटणं, बस. कोड म्हणून त्यात अवघड काही नाही. पण २०१९ मध्ये युरोपियन पार्लमेंटच्या, मानवी हक्कांच्या कामासाठी दिल्या जाणाऱ्या साखारोव्ह पुरस्काराच्या शेवटच्या तीन नामांकनांत या मुली होत्या, शाळकरी ॲपसाठी एवढी मजल फारच क्वचित. त्या २०१७ च्या फायनलला सीनिअर गटात पहिली आली ती कझाकस्तानची टीम, आणि त्यांचं ॲप पुन्हा सुरक्षेचंच होतं.

२०१८ मध्ये नायजेरियाच्या ओनित्शाच्या पाच मुलींनी ज्युनिअर गट जिंकला. औषधाच्या पाकिटावरचा बारकोड स्कॅन करून औषध खरं की खोटं आणि मुदत संपलीय का ते सांगणारं एफडी-डिटेक्टर हे त्यांचं ॲप. ओनित्शा म्हणजे पश्चिम आफ्रिकेतली मोठी बाजारपेठ, बनावट औषधांसाठी बदनाम, त्यामुळे प्रॉब्लेम त्यांच्या अगदी दारातला. अर्थात असं ॲप सरकारी औषध नियंत्रकाकडचा डेटा मिळाला तरच कामाचं, एकट्या बारकोडला काही कळत नाही.

आणि आपली धारावी. नवनीत रंजन हे फिल्ममेकर तिथे डॉक्युमेंटरी करायला आले आणि मग २०१४ च्या सुमारास धारावी डायरी या उपक्रमातून नया नगर वस्तीतल्या मुलींना ॲप इन्व्हेंटर शिकवायला लागले. एका गटाने सुरक्षेचं विमेन फाइट बॅक केलं, एकाने शाळेत जाऊ न शकणाऱ्या मुलींसाठी हिंदी, इंग्रजी, गणिताचे धडे देणारं ॲप केलं. पण मला सगळ्यात भारी वाटतं ते पाण्याचं. वस्तीत नळ सामाईक, पाणी ठराविक वेळेलाच, हंडे-कळशा-ड्रम लावून बायका नि पोरी तासन् तास उभ्या, त्यात नंबरावरून रोजची भांडणं आणि पोरींची शाळा बुडते ती वेगळीच. मुलींनी केलं काय, तर रांगच ॲपवर आणली, घराचं नाव लावायचं आणि आपली पाळी आली की फोनवर अलर्ट. यात पाणी एक थेंबभरही वाढत नाही हे उघड आहे, नळाला जोर आणायचं काम महापालिकेचंच, पण तासभर रांगेत जाण्याऐवजी पोरगी अभ्यासाला बसू शकते हे गणित कुठल्याही कन्सल्टंटला सुचलं नसतं, ते नळावर उभं राहिलेल्यांनाच सुचतं. धारावीतल्या घरी स्मार्टफोन असलाच तर एकच, आणि तो बऱ्याचदा वडिलांच्या नाहीतर भावाच्या खिशात, हा त्यातला कच्चा दुवा.

भारतातली स्थिती

भारतात स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन २०१७ पासून होतं पण ते मुळात कॉलेजच्या पोरांसाठी, मंत्रालयं आणि कंपन्या प्रॉब्लेम देतात आणि पोरं रात्र जागून सोडवतात. शाळांसाठी नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब (एटीएल) म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायच्या प्रयोगशाळा काढल्या, सहावी ते बारावीसाठी, एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, आणि त्यांच्या एटीएल मॅरेथॉनमध्ये मुलांनी आसपासचा प्रश्न शोधून त्यावर मॉडेल बनवायचं असतं. महाराष्ट्रात झेडपीच्याही काही शाळांत या लॅब आहेत, कुठे थ्रीडी प्रिंटर धडधडतोय तर कुठे लॅबला कुलूप आणि किल्ली हेडमास्तरांच्या कपाटात, हे सगळं शिक्षकावर. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मधल्या इयत्तांपासून कोडिंग आलं.

पण त्याच २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कोडिंग क्लासच्या जाहिरातींचा जो पूर आला त्याने या सगळ्याचं नाव बरंच खराब केलं. सहा वर्षांचा मुलगा ॲप बनवतो आणि गुंतवणूकदार दारात भांडतायत, असल्या जाहिराती, त्यातल्या काही तर जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲस्कीच्या आक्षेपानंतर मागे घ्याव्या लागल्या. तेव्हापासून काही पालकांना स्पर्धा म्हणजे परदेशी ॲडमिशनच्या फॉर्मवरची एक ओळ वाटते, आणि मग मुलाचा प्रोजेक्ट बाबा रात्री बसून पुरा करतात.

स्पर्धेनंतर

या स्पर्धांवरचा सगळ्यात रास्त आक्षेप असा की बक्षीस मिळाल्यावर ॲपचं पुढे काही होत नाही. कारणं आळसापेक्षा तांत्रिक जास्त. प्ले स्टोअरवर ॲप टाकायला एकदाच का होईना २५ डॉलर भरावे लागतात, ॲपलला दर वर्षी ९९, आणि प्ले स्टोअरचं अकाउंट काढायला १८ पूर्ण लागतात म्हणजे कुणा मोठ्याच्याच नावावर. नंतर नियम बदलत राहतात. २०१८ च्या शेवटी गूगलने ठरवलं की फोनचं मुख्य मेसेजचं ॲप सोडून बाकीच्यांना सहसा एसएमएसची परवानगी नाही, आणि २०१९ च्या सुरुवातीपासून ते लागू केलं. लाल बटण दाबल्यावर परस्पर मेसेज पाठवणारी सुरक्षा ॲप्स त्यात एका फटक्यात अडकली. ॲप इन्व्हेंटरलाही मेसेज पाठवण्याचे दोन ब्लॉक वेगळे करावे लागले, एक थेट पाठवणारा आणि दुसरा नुसतं मेसेजचं ॲप उघडून देणारा. दुसरा वापरला तर ॲप स्टोअरवर राहतं, पण मग घाबरलेल्या मुलीने पुन्हा एकदा "सेंड" दाबायचं. टीममधल्या मुली तोवर बारावीत किंवा सीईटीच्या तयारीत असतात, ते अपडेट करायला कोणाला वेळ आहे?

काही संस्था म्हणून आता ॲपऐवजी वस्तीतल्या लोकांसोबतच्या कामालाच जास्त महत्त्व देतात, कोड गेलं तरी चालेल पण विचारपूस झालेली असावी. टेक्नोव्हेशननेही मशीन लर्निंगचे, म्हणजे कॉम्प्युटरला उदाहरणं दाखवून शिकवण्याचे, धडे आणलेत. त्यातही मॉडेलला शिकवायला फोटो आणि डेटा स्वतः गोळा करावा लागतो, म्हणजे पुन्हा घराबाहेर पडणं आलंच. मेंटॉर किंवा परीक्षक व्हायला मात्र कोडिंग यावंच लागत नाही, १८ पूर्ण आणि थोडा वेळ हाताशी असला की पुरतं.