गुराख्याच्या गाण्यापासून वर्ड्‌स्वर्थपर्यंत

सातव्या शतकात इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, व्हिटबीच्या मठात, कॅडमन नावाचा एक गुराखी होता. मेजवानीत वाद्य हातोहात फिरत आपल्याकडे यायला लागलं, की गाता येत नाही म्हणून तो उठून निघून जायचा. अशाच एका रात्री तो गोठ्यात झोपला असताना स्वप्नात कुणीतरी त्याला गायला सांगितलं, आणि त्याच्या तोंडून सृष्टीच्या निर्मितीचं गाणं आलं. बीड या मठवासी इतिहासकाराने ७३१च्या सुमारास ही हकिकत लॅटिनमध्ये लिहून ठेवली. नावानिशी ठाऊक असलेला इंग्रजीतला हा सर्वांत जुना कवी. विद्येची भाषा लॅटिन असताना कविता मात्र गोठ्यातल्या माणसाच्या बोलीत आली. इंग्रजी साहित्याच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडलेलं दिसतं.

त्या जुन्या इंग्रजीत यमक जवळजवळ नव्हतं. ओळीचे दोन तुकडे अनुप्रासाने बांधलेले असत, आणि काव्य मुख्यतः कानासाठी असे. 'बेओवुल्फ' हे ३१८२ ओळींचं वीरकाव्य आज एकाच हस्तलिखितामुळे हाती आहे. १७३१ मध्ये लंडनमध्ये ते ज्या संग्रहात होतं त्याला आग लागली. पानांच्या कडा जळाल्या, काव्य वाचलं. या भाषेतलं आणखी किती अशाच आगींत आणि ओलीत गेलं असेल, या विचाराने आजही हळहळ वाटते.

१०६६ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं. दरबारात फ्रेंच आली, मठांत लॅटिन होतीच. इंग्रजी उरली शेतात आणि बाजारात. तिथे ती बदलली, विभक्तिप्रत्यय गळाले, फ्रेंच शब्द तिने ढिगाने घेतले. १३६२च्या एका कायद्याने न्यायालयातले युक्तिवाद इंग्रजीत करायला सांगितले, कारण लोकांना फ्रेंच कळत नव्हती. याच काळात वाढलेला कवी चॉसर हा दारूच्या व्यापाऱ्याचा मुलगा, पुढे लंडन बंदरात लोकरीच्या जकातीवर नेमलेला अधिकारी. 'कँटरबरी टेल्स' या काव्यात सरदारापासून गिरणीवाल्यापर्यंत सगळ्यांना त्याने कँटरबरीच्या यात्रेला एकत्र काढलं आणि ज्याला त्याला त्याच्या तोंडची भाषा दिली. १४०० मध्ये तो वारला तेव्हा काम अपुरं होतं. १४७६च्या सुमारास कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, आणि चॉसर छापून लोकांपर्यंत गेला.

पुढचा काळ सर्वांना माहीत असलेला. टिंडेलने बायबलचा नवा करार इंग्रजीत आणला, १५३६ मध्ये त्याला त्यापायी जीव द्यावा लागला; १६११च्या बायबलात त्याचे शब्द मात्र मोठ्या प्रमाणात टिकले. शेक्सपिअरची ३६ नाटकं १६२३ मध्ये एका ग्रंथात आली. त्यातली जवळपास निम्मी आधी छापलेलीच नव्हती. दृष्टी गेलेल्या मिल्टनने सांगून लिहवून घेतलेलं 'पॅरडाइज लॉस्ट' हे महाकाव्य १६६७ मध्ये प्रसिद्ध झालं.

अठराव्या शतकात काव्य घासूनपुसून नेटकं झालं. अलेक्झांडर पोप या कवीच्या जोडओळींत बुद्धीची चमक आहे, पण भाषा शहरी आणि सुशिक्षित. त्याविरुद्धची हालचाल एका जुन्या वहीतून सुरू झाली असं मला वाटतं. थॉमस पर्सी या पाद्र्याला मित्राच्या घरी जुन्या लोकगीतांचं एक हस्तलिखित दिसलं. मोलकरणी त्याची पानं चूल पेटवायला वापरत होत्या. त्याच्या आधाराने त्याने १७६५ मध्ये लोकगाथांचा संग्रह काढला. पुढच्या पिढीच्या कवींनी तो मनापासून वाचला.

१७९८ मध्ये वर्ड्‌स्वर्थ आणि कोलरिज यांचा गाथागीतांचा संग्रह निनावी आला. फ्रेंच राज्यक्रांतीची आशा आणि तिचा रक्तपात वर्ड्‌स्वर्थने जवळून पाहिला होता. १८००च्या प्रस्तावनेत त्याने स्पष्ट म्हटलं, की कवितेची भाषा माणसं खरोखर बोलतात ती असावी, आणि विषय खेड्यातल्या साध्या जगण्याचे. त्याच्या मागून आलेले कीट्स, शेली आणि बायरन तिघेही १८२१ ते १८२४ या चार वर्षांत गेले. कीट्स तर अवघ्या पंचविशीत.

मराठीत हा वारा इंग्रजी शिकलेल्या पिढीतून आला. केशवसुतांनी इंग्रजी कवींचा 'सॉनेट' हा चौदा ओळींचा प्रकार मराठीत रुजवला. त्यांनी त्याला 'चतुर्दशक' म्हटलं. 'सुनीत' हे नाव नंतर रुळलं.