ऑनलाइन विक्रेत्यांसाठी ट्रेडमार्क नोंदणी : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

संकेतस्थळावरून किंवा एखाद्या ई-कॉमर्स मंचावरून माल विकणाऱ्या व्यावसायिकाला ग्राहक ओळखतो तो फक्त नावावरून आणि चिन्हावरून. तरीही या नावाचे कायदेशीर संरक्षण करण्याचे काम बहुतेक जण पुढे ढकलतात. कंपनी निबंधकाकडे नाव मंजूर झाले आहे, डोमेन विकत घेतले आहे आणि जीएसटी क्रमांकही त्याच नावाने मिळाला आहे, म्हणजे नाव आपले झाले, असा त्यांचा समज असतो. प्रत्यक्षात या तिन्हींपैकी कशानेही ट्रेडमार्कचा हक्क मिळत नाही. तो ट्रेडमार्क कायदा, १९९९ अन्वये नोंदणी केल्याने मिळतो. नोंदणी नसलेल्या नावाचा मालकही नक्कल करणाऱ्याविरुद्ध न्यायालयात जाऊ शकतो, पण त्याला आपल्या नावाची बाजारातील पत आधी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. नोंदणीधारकाला कायद्याच्या कलम २९ खाली थेट हक्कभंगाचा दावा करता येतो.

या प्रक्रियेचे नियम २०१७ साली नव्याने लागू झाले आणि अर्जाचे नमुने त्यात बरेच कमी करण्यात आले. अर्ज भरणे त्यामुळे सोपे झाले असले, तरी अर्जदार कोण, माल कोणत्या वर्गातला आणि नावाचा वापर केव्हापासून, हे तीन रकाने आजही घाईने भरले जातात. नोंदणीची पुढची बरीचशी वाटचाल याच तीन रकान्यांवर ठरते, म्हणून या लेखात त्यांना अधिक जागा दिली आहे.

अर्ज कोण करू शकतो

जी व्यक्ती एखादे चिन्ह वापरत आहे किंवा वापरण्याचा तिचा खरोखर इरादा आहे आणि जी त्या चिन्हाची मालक असल्याचे सांगते, ती कलम १८ खाली अर्ज करू शकते. व्यवसाय सुरू झालेला असलाच पाहिजे अशी अट नाही. एकटा मालक, भागीदारी संस्था, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी), कंपनी, न्यास, सहकारी संस्था यांपैकी कोणीही अर्जदार होऊ शकते. भागीदारी संस्थेच्या अर्जात सर्व भागीदारांची नावे द्यावी लागतात, आणि एकल मालकीच्या व्यवसायात अर्जदार ही दुकानाचे नाव नसून ती व्यक्ती स्वतः असते. दुकानाचे नाव तिच्या नावापुढे व्यापारी नाव म्हणून लिहिले जाते.

अर्जदाराचे नाव ठरवताना पुढच्या दोन-तीन वर्षांचा विचार करावा. आज एकल मालकी असलेला व्यवसाय उद्या कंपनी होणार असेल, तर ट्रेडमार्क मालकाच्या वैयक्तिक नावावर राहतो आणि कंपनीला तो हस्तांतरित करून घ्यावा लागतो. कंपनी स्थापन होण्याच्या बेतात असेल आणि नावाला तातडीचा धोका नसेल, तर थोडे थांबून कंपनीच्या नावाने अर्ज करणे बरे. नक्कल सुरू झाली असेल तर मात्र थांबू नये, कारण अर्जाची तारीख हीच पुढे नोंदणीची तारीख मानली जाते.

अर्जापूर्वीचा शोध

बौद्धिक संपदा कार्यालयाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत आणि प्रलंबित चिन्हांचा शोध विनामूल्य घेता येतो. शब्दावरून शोध घेतल्यावर उच्चारावरून घ्यायचा शोधही अवश्य घ्यावा. स्पेलिंग वेगळे असले तरी उच्चार सारखा असेल, तर ट्रेडमार्क निबंधक कार्यालय (कंपनी निबंधकाहून वेगळे) कलम ११ खाली हरकत घेते. आधीचे चिन्ह नुसते प्रलंबित असले तरी ते आडवे येऊ शकते, हे ध्यानात ठेवावे.

नावाची निवडही याच टप्प्यावर तपासून पाहावी. मालाचा गुण, प्रकार, दर्जा किंवा मूळ ठिकाण सांगणारा शब्द कलम ९ खाली नाकारला जातो. हळदीच्या पाकिटासाठी ‘शुद्ध हळद’ हे नाव कोणा एकाच्या मालकीचे होऊ शकत नाही, आणि ते होऊही नये, कारण प्रत्येक विक्रेत्याला हे शब्द वापरण्याची गरज असते. वर्णन करणारे नाव जाहिरातीला सोयीचे वाटते, पण नोंदणीत तेच सर्वांत अधिक अडते. धार्मिक भावना दुखावणारी, ग्राहकाची दिशाभूल करणारी किंवा राष्ट्रीय बोधचिन्हांविषयीच्या १९५० च्या कायद्याने निषिद्ध ठरवलेली चिन्हेही नोंदवता येत नाहीत. हयात व्यक्तीचे किंवा मृत्यूला २० वर्षे न झालेल्या व्यक्तीचे नाव वापरायचे असल्यास निबंधक त्या व्यक्तीची किंवा तिच्या वारसांची लेखी संमती मागू शकतात.

वर्ग आणि मालाचे वर्णन

माल आणि सेवा यांची विभागणी एकूण ४५ वर्गांत केलेली आहे. १ ते ३४ हे वर्ग मालाचे आणि ३५ ते ४५ हे सेवांचे. मसाले ३० व्या वर्गात येतात, लोणची २९ व्या, तयार कपडे २५ व्या आणि सौंदर्यप्रसाधने ३ ऱ्या वर्गात. डिजिटल व्यवसायात याहून जास्त गोंधळ होतो. फोनवर उतरवून घेण्याचे ॲप ९ व्या वर्गात मोडते, इंटरनेटवरून सेवा म्हणून दिले जाणारे सॉफ्टवेअर ४२ व्या वर्गात आणि ऑनलाइन शिकवणी ४१ व्या वर्गात. स्वतःच्या ब्रँडचे मसाले स्वतःच्या संकेतस्थळावरून विकणाऱ्याचा मुख्य वर्ग ३० हाच असतो. इतर उत्पादकांचा मालही त्याच नावाच्या ऑनलाइन दुकानातून विकला जात असेल, तर किरकोळ विक्रीच्या सेवेसाठी ३५ व्या वर्गाचाही विचार करावा. अनेक ऑनलाइन विक्रेते फक्त ३५ व्या वर्गात अर्ज करून मोकळे होतात, आणि त्यांच्या पाकिटावरचे नाव ज्या मालावर छापलेले असते त्याच मालाच्या वर्गात नोंदवायचे राहून जाते.

वर्णन नेमके लिहावे. अर्ज दाखल झाल्यावर टीएम-एम या ठरवून दिलेल्या नमुन्यात दुरुस्ती मागता येते, परंतु चिन्हात मूलभूत बदल करणारी किंवा मूळ अर्जात नसलेला माल नव्याने घुसवणारी दुरुस्ती २०१७ च्या नियमांतील नियम ३७ प्रमाणे मंजूर होत नाही. राहून गेलेल्या मालासाठी नवा अर्ज, नवे शुल्क आणि नवी तारीख, एवढाच मार्ग उरतो. वर्गाचे संपूर्ण शीर्षक जसेच्या तसे उतरवून काढणेही योग्य नाही. सलग पाच वर्षे ज्या मालासाठी चिन्ह वापरले गेले नाही, त्या मालापुरती नोंदणी कलम ४७ खाली रद्द करण्याची मागणी कोणीही बाधित व्यक्ती करू शकते.

वापराची तारीख आणि प्रतिज्ञापत्र

नाव अजून बाजारात आलेले नसेल, तर ‘वापर प्रस्तावित’ हा पर्याय निवडावा. वापर आधीच सुरू असेल तर पहिल्या वापराची तारीख द्यावी लागते, आणि त्या तारखेच्या समर्थनार्थ नोटरीपुढे केलेले प्रतिज्ञापत्र व पुरावे जोडावे लागतात. ही तारीख महत्त्वाची का, हे कलम ३४ वाचल्यावर कळते : जो आधीपासून नाव सातत्याने वापरत आला आहे, त्याच्या वापरात नंतर आलेला नोंदणीधारकही अडथळा आणू शकत नाही.

पुरावे गोळा करताना एक उणीव वारंवार दिसते. जुनी बिले भरपूर असतात, पण त्यांवर फक्त संस्थेचे नाव छापलेले असते. मालाच्या रकान्यात ‘गरम मसाला १०० ग्रॅम’ एवढेच लिहिलेले असते आणि ज्या ब्रँडची नोंदणी हवी त्याचा उल्लेख कुठेच नसतो. असे बिल व्यवसायाचा पुरावा ठरते, चिन्हाच्या वापराचा ठरत नाही. म्हणून ब्रँडचे नाव आणि तारीख दोन्ही एकाच कागदावर दिसतील असे पुरावे शोधावेत : ब्रँडचे नाव असलेली बिले, वेष्टन छपाईची पावती आणि तिच्यासोबतचा नमुना, जाहिरातीचे दिनांकित कात्रण, ऑनलाइन मंचावरील विक्रीचा अहवाल. पुरावा नसलेली जुनी तारीख केवळ भारदस्त दिसते म्हणून लिहू नये. पुढे विरोध झाला तर प्रतिपक्ष सर्वप्रथम तिथेच बोट ठेवतो.

कागदपत्रे आणि शुल्क

अर्जासोबत अपलोड करायची कागदपत्रे मोजकीच आहेत. चिन्हाची स्पष्ट प्रतिमा, वापराचा दावा असल्यास प्रतिज्ञापत्र, ट्रेडमार्क एजंट किंवा वकील नेमला असल्यास मुखत्यारपत्र, आणि सवलतीच्या शुल्कासाठी उद्यम नोंदणीचे किंवा स्टार्टअप मान्यतेचे प्रमाणपत्र. एजंट याखेरीज ओळखपत्र, पॅन आणि कंपनीची स्थापनेची कागदपत्रे मागतात. ती अर्जदाराचे नाव व पत्ता अचूक लिहिला जावा म्हणून उपयोगी पडतात.

प्रतिमेबाबत दोन सूचना. रंगांचे बंधन न घालता चिन्ह नोंदवले, तर ते सर्व रंगांसाठी नोंदवले गेले असे कायदा मानतो. त्यामुळे विशिष्ट रंगसंगती हीच ओळख नसेल तर कृष्णधवल प्रतिमा द्यावी. शब्द आणि चित्र या दोन्हींचा खर्च एकदम झेपत नसेल, तर आधी नुसत्या शब्दाची नोंदणी करावी, कारण चित्र काही वर्षांनी बदलते आणि शब्द सहसा तोच राहतो. चिन्हातील शब्द हिंदी किंवा इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील असेल, तर त्याचे लिप्यंतर, अर्थ आणि भाषेचे नाव अर्जात द्यावे लागते. मराठी शब्द देवनागरीत असला तरी हा रकाना भरणे टाळू नये.

अर्ज टीएम-ए नमुन्यात होतो. व्यक्ती, मान्यताप्राप्त स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये, तर इतर सर्वांना ९,००० रुपये शुल्क आहे. कागदी अर्जाला हेच आकडे ५,००० आणि १०,००० रुपये होतात. एका अर्जात अनेक वर्ग घालता येतात, पण शुल्क वर्गागणिकच लागते, आणि एका वर्गात हरकत आली की उरलेले वर्गही अर्ज विभागून घेईपर्यंत तिच्याबरोबर अडकून पडतात. त्यामुळे वर्गवार स्वतंत्र अर्ज करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. ऑनलाइन अर्जासाठी डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येथील अर्जदार मुंबई कार्यालयाच्या अखत्यारीत येतात.

अर्जातील ई-मेल पत्ता स्वतः रोज पाहत असलेला द्यावा. नियमांप्रमाणे ई-मेल पाठवताच पत्र पोहोचले असे समजले जाते, आणि पुढच्या सर्व मुदती तिथून मोजल्या जातात.

तपासणी, प्रसिद्धी आणि विरोध

अर्ज तपासून निबंधक कार्यालय तपासणी अहवाल पाठवते. अहवालात हरकत असेल तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर न दिल्यास अर्ज सोडून दिला असे मानले जाऊ शकते. उत्तर ठरावीक साच्यातले नसावे. अहवालात ज्या आधीच्या चिन्हाचा दाखला दिला असेल, त्याच्याशी शब्द, उच्चार, चित्र, माल आणि ग्राहकवर्ग यांची तुलना करून फरक दाखवावा. उत्तराने समाधान न झाल्यास सुनावणी होते, आणि ती दूरदृश्य प्रणालीने होऊ शकते.

अर्ज स्वीकारल्यावर चिन्ह ट्रेडमार्क जर्नल या अधिकृत प्रकाशनात प्रसिद्ध होते. प्रसिद्धीपासून चार महिन्यांच्या आत कोणीही विरोध दाखल करू शकतो. विरोधाची नोटीस मिळाल्यावर दोन महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे विरोधाला लेखी उत्तर, दाखल करणे बंधनकारक आहे, आणि ते न केल्यास अर्ज सोडून दिला असे कायदाच मानतो. अर्जाच्या स्थितीत ‘ऑब्जेक्टेड’ दिसले तर ती कार्यालयाची हरकत असते, ‘अपोज्ड’ दिसले तर तो त्रयस्थाचा विरोध असतो. दोन्हींच्या मुदती आणि उत्तराची पद्धत निराळी आहे. विरोधाचा काळ चार महिन्यांचा असल्यामुळे महिनाभरात प्रमाणपत्र मिळवून देण्याचे आश्वासन कोणीही दिले, तरी ते खरे असू शकत नाही. जादा शुल्क भरून अर्ज जलद प्रक्रियेत टाकता येतो, पण हे चार महिने तिथेही सुटत नाहीत.

विरोध न आल्यास किंवा तो फेटाळला गेल्यास नोंदणी होते. ती अर्जाच्या तारखेपासून १० वर्षे टिकते आणि दर १० वर्षांनी टीएम-आर नमुन्यात नूतनीकरण करता येते. नोंदणीपूर्वी चिन्हाशेजारी ‘टीएम’ लिहिण्यास हरकत नाही. वर्तुळातले आर हे अक्षर मात्र नोंदणी झाल्याशिवाय वापरू नये. नोंदणी नसताना ती असल्याचे भासवणे कायद्याने दंडास पात्र आहे.

परदेशी बाजार आणि परदेशी गुंतवणूक

भारतातील नोंदणी भारतापुरतीच असते. परदेशात माल पाठवणाऱ्याला दोन मार्ग आहेत. औद्योगिक संपदेविषयीच्या पॅरिस कराराच्या सदस्य देशांत भारतीय अर्जापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज केला, तर तिथे भारतीय अर्जाच्या तारखेचा अग्रहक्क मागता येतो. दुसरा मार्ग माद्रिद प्रणालीचा, जी भारतासाठी ८ जुलै २०१३ पासून लागू आहे. तिच्यात भारतीय अर्ज किंवा नोंदणी आधारभूत ठेवून, भारतीय कार्यालयामार्फतच एमएम-२ नमुन्यात एक अर्ज करून अनेक देश निवडता येतात. मूळ शुल्क कृष्णधवल चिन्हासाठी ६५३ स्विस फ्रँक आणि रंगीत चिन्हासाठी ९०३ स्विस फ्रँक आहे, आणि प्रत्येक देशाचे शुल्क त्यावर वेगळे. प्रत्येक देश आपल्या कायद्याने चिन्हाची तपासणी करतोच. शिवाय पहिली पाच वर्षे आंतरराष्ट्रीय नोंदणी भारतीय आधारावर अवलंबून असते. तो कोसळला तर तीही कोसळते. भारतीय अर्जावर हरकत प्रलंबित असताना माद्रिदवर मोठा खर्च करणे म्हणूनच जोखमीचे आहे.

उलट बाजूने, भारतात व्यवसायाचे ठिकाण नसलेल्या परदेशी अर्जदाराला भारतातील पत्रव्यवहाराचा पत्ता द्यावा लागतो, आणि कोणत्या कार्यालयात अर्ज जाणार हे त्या पत्त्यावरून ठरते.

भारतीय कंपनीत परदेशी गुंतवणूक येते तेव्हा गुंतवणूकदाराचे सल्लागार ट्रेडमार्क कोणाच्या नावावर आहे, हे आधी पाहतात. तो संस्थापकाच्या नावावर असेल तर योग्य मुद्रांक शुल्क भरलेला हस्तांतरण करार करून, टीएम-पी नमुन्यात कंपनीचे नाव नोंदवहीत चढवून घ्यावे. करारात व्यवसायाच्या नावलौकिकासह हस्तांतरण आहे की त्याखेरीज, हे स्पष्ट लिहावे. नावलौकिकाखेरीज हस्तांतरण असेल तर कलम ४२ प्रमाणे सहा महिन्यांच्या आत निबंधकांकडे जाहिरातीविषयी निर्देश मागावे लागतात, आणि त्या निर्देशांप्रमाणे जाहिरात दिल्याशिवाय हस्तांतरण अमलात येत नाही. गुंतवणुकीच्या वाटाघाटी सुरू होण्यापूर्वीच हे काम हाती घेतले, तर ही मुदत आणि नोंदवहीतील बदलाला लागणारा वेळ दोन्ही सांभाळता येतात.