ताप, पाठदुखी आणि महाधमनीचा फुगा

महाधमनी म्हणजे हृदयातून निघून छाती-पोटातून जाणारी मुख्य रक्तवाहिनी. पोटात तिची रुंदी साधारण 2 सेंमी असते. ती 3 सेंमी किंवा जास्त झाली, तर तिला फुगा आला असं म्हणतात. बहुतेक फुगे वर्षानुवर्षं हळूहळू वाढतात. जंतुसंसर्गाने आलेला फुगा दुर्मीळ, पण तो काही दिवसांत किंवा आठवड्यांत वाढतो आणि फुटतो.

महाधमनीचं निरोगी अस्तर गुळगुळीत असतं, त्यावर जंतू सहसा टिकत नाहीत. उतारवयात, तंबाखू आणि रक्तदाबामुळे तिथे चरबी-कॅल्शियमचे खडबडीत थर साचतात. रक्तात साल्मोनेला किंवा स्टॅफिलोकॉकससारखा जंतू शिरला, की याच थरांत रुजतो. भिंत सडते आणि एका बाजूला पिशवीसारखा फुगवटा येतो. मधुमेह असेल किंवा गुडघेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर धोका वाढतो.

मराठवाड्यात ब्रुसेला या जंतूचीही आठवण ठेवावी. शेळीचं कच्चं दूध, गाभडलेल्या शेळीची उघड्या हातांनी काढलेली वार, यांतून तो माणसात येतो. महाधमनीपर्यंत तो क्वचितच पोचतो. तरी घरी शेळ्या आहेत हे डॉक्टरांना जरूर सांगा: हा जंतू कल्चरमध्ये (लॅबमध्ये नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत) सावकाश वाढतो आणि लॅबमधल्या माणसांनाही त्याची लागण होऊ शकते.

चूक बहुतेकदा सुरुवातीलाच होते. साठीतल्या माणसाला ताप येतो, पाठ किंवा पोट दुखतं. टायफॉइडसाठीची विडाल चाचणी पॉझिटिव्ह येते, सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू होतं. एक्स-रेत मणके झिजलेले दिसतात, म्हणून दुखण्याचंही कारण सापडल्यासारखं वाटतं. औषध थांबलं की ताप परत. अशा वेळी ब्लड कल्चर, म्हणजे रक्ताचं कल्चर हवं, तेही शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी: 2-3 वेगवेगळ्या जागांवरून, दर बाटलीत 8-10 मिली रक्त. कमी रक्त घेतलं तर जंतू निसटतात. कल्चर निगेटिव्ह आलं तरी शंका मिटत नाही. सोनोग्राफीत पोटातल्या फुग्याचं माप कळतं. छातीतला भाग आणि भोवतालची सूज, हवा दिसायला सीटी अँजिओग्राफीच (शिरेतून औषध देऊन काढलेला रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) लागते.

शिरेतून अँटिबायोटिक किमान 4-6 आठवडे, मग कित्येक महिने गोळ्या. भिंतच सडलेली असल्याने नुसती औषधं क्वचितच पुरतात. सर्जन सडका भाग कापून, साफ करून कृत्रिम नळी बसवतात. जांघेतल्या रक्तवाहिनीतून स्टेंट (आतून आधार देणारी नळी) घातला तर फुटण्याचा धोका लगेच कमी होतो, पण पू आतच राहतो. म्हणून औषधं आणखी लांबतात आणि सीटी पुन्हापुन्हा करावा लागतो.

दुखणं एकाएकी असह्य झालं, घाम फुटला, भोवळ आली, तर 108 ला फोन करा. दुसऱ्या शहरी हलवायचं ठरलं, तर तिथे सीटी अँजिओग्राफी आणि रक्तवाहिन्यांचे सर्जन, दोन्ही आत्ता हजर आहेत का, हे निघण्याआधीच विचारून घ्या.